खेळाडू आणि खोकल्याचे औषध

खोकला झाला म्हणून खोकल्याचे औषध घेतले, तर तो गुन्हा होतो काय? तुम्हीआम्ही घेतले तर होत नाही. परंतु घेणारा खेळाडू असेल आणि नेमक्या त्याच दिवसांत त्याच्या लघवीचा नमुना तपासला गेला, तर त्या दोन चमच्यांपायी त्याचा सबंध हंगाम वाया जाऊ शकतो.

पृथ्वी शॉ हा तेव्हा मुंबईचा फलंदाज होता. 2018 साली 19 वर्षांखालील विश्वचषक जिंकणाऱ्या भारतीय संघाचा तो कर्णधार होता आणि त्याच वर्षी पहिल्याच कसोटीत त्याने शतक काढले. 22 फेब्रुवारी 2019 रोजी इंदूर येथे एका स्पर्धेच्या वेळी त्याच्या लघवीचा नमुना घेण्यात आला. त्यात टर्ब्युटालिन हे द्रव्य सापडले. आपल्याकडे खोकल्याच्या कितीतरी औषधांत ते असते. अजाणता, खोकल्याच्या औषधातून ते आपल्या पोटात गेले, हे त्याचे म्हणणे क्रिकेट मंडळाने मान्य केले. तरीही आठ महिन्यांची बंदी झालीच.

म्हणणे मान्य आणि शिक्षाही कायम, हा कोणता न्याय? माझ्या मते हा न्याय कठोर असला तरी चुकीचा नाही. प्रयोगशाळेतल्या यंत्राला लघवीतील रेणू ओळखता येतो, खेळाडूच्या मनातला हेतू ओळखता येत नाही. 'मला ठाऊक नव्हते' एवढे म्हणताच सुटका होऊ लागली, तर जाणूनबुजून घेणारेही हेच म्हणतील. म्हणून जगभर नियम असा आहे, की शरीरात जे सापडेल त्याची जबाबदारी खेळाडूची. हेतू पाहून शिक्षा कमी होऊ शकते. जबाबदारी टळत नाही.

मात्र हा नियम मान्य करायचा, तर तो पाळण्याची साधने खेळाडूच्या हाती हवीत. आपल्या शाळांत ती नाहीत, आणि माझी तक्रार तेवढ्यापुरती आहे.

2000 सालच्या सिडनी ऑलिंपिकमध्ये रुमानियाच्या आंद्रेया रादुकान या 16 वर्षांच्या मुलीने जिम्नॅस्टिक्सचे सुवर्णपदक मिळवले आणि थोड्याच दिवसांत गमावले. तिला सर्दी झाली होती. संघाच्या डॉक्टरांनी सर्दीची गोळी दिली, तिने ती घेतली. गोळीत स्यूडोएफेड्रिन होते. पुढे 2004 मध्ये हे द्रव्य निषिद्ध यादीतून काढले गेले आणि 2010 मध्ये पुन्हा घातले गेले. आज ते फक्त स्पर्धेच्या काळात निषिद्ध आहे, आणि तेही लघवीच्या दर मिलिलिटरमध्ये 150 मायक्रोग्रॅमहून अधिक आढळले तरच. यादी दरवर्षी 1 जानेवारीला नव्याने लागू होते. म्हणजे गेल्या वर्षी चाललेली गोळी यंदा चालेलच असे नाही.

आता नाशिककडे येऊ. लांब पल्ल्याच्या धावपटूंसाठी आपला जिल्हा देशभर ओळखला जातो. त्र्यंबकेश्वर तालुक्यातील सावरपाड्याच्या कविता राऊत हिने 2010 साली दिल्लीच्या राष्ट्रकुल स्पर्धेत 10,000 मीटरमध्ये कांस्यपदक आणि ग्वांगझूच्या आशियाई स्पर्धेत रौप्यपदक मिळवले. तिच्या मागोमाग पेठ, सुरगाणा, कळवण या भागांतली मुले भोसलाच्या मैदानावर धावताना दिसू लागली. याच शहरात तयार झालेली संजीवनी जाधव ही आशियाई पदकविजेती धावपटू. तिच्या नमुन्यात प्रोबेनेसिड सापडले आणि तिच्यावर दोन वर्षांची बंदी आली. ते तिच्या शरीरात कसे गेले याविषयी तर्क लढवणे मला उचित वाटत नाही. बंदी संपल्यावर ती पुन्हा मैदानात उतरली. पण हे प्रोबेनेसिड काय आहे, ते मात्र विज्ञानाच्या विद्यार्थ्याने समजून घ्यावे असेच आहे.

प्रोबेनेसिडने वेग वाढत नाही, दमही वाढत नाही. ते संधिवाताच्या एका प्रकारावरचे, रक्तातील युरिक आम्ल कमी करणारे औषध आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात पेनिसिलिन फार दुर्मिळ होते, आणि दिलेले पेनिसिलिन मूत्रपिंडे झपाट्याने बाहेर टाकत. मूत्रपिंडातील नलिकांच्या पेशी काही आम्लद्रव्ये रक्तातून उचलून लघवीत सोडतात. पेनिसिलिन त्यांपैकीच एक. ही वाहतूक रोखून धरणारे द्रव्य शोधता शोधता प्रोबेनेसिड हाती आले. त्याने पेनिसिलिन शरीरात अधिक काळ टिकू लागले. आता याच गोष्टीची दुसरी बाजू पाहा. स्नायू फुगवणाऱ्या स्टेरॉइडांचे अवशेषही याच वाटेने लघवीत येतात. वाट अडली की लघवीत ते कमी उतरतात आणि तपासनिसाला दिसत नाहीत. म्हणून हे 'झाकणारे' द्रव्य बाराही महिने निषिद्ध आहे. गंमत अशी की झाकणारे द्रव्य स्वतःला मात्र झाकू शकत नाही. ते तपासणीत सहज सापडते.

लघवीचे प्रमाण वाढवणाऱ्या गोळ्यांचेही असेच. आजोबांच्या रक्तदाबाच्या गोळीत पुष्कळदा हायड्रोक्लोरोथायझाइड असते; पायावर सूज असेल तर फ्युरोसेमाइड देतात. या गोळ्यांनी शरीरातले पाणी निघून जाते, वजन उतरते आणि लघवी पातळ होते. कुस्तीच्या वजनगटात बसण्यासाठी एखादा मुलगा अशी गोळी घेतो, तेव्हा तो पदकच नव्हे, मूत्रपिंडे आणि हृदयही पणाला लावतो. जागतिक उत्तेजकद्रव्य प्रतिबंधक संस्थेने, म्हणजे 'वाडा'ने, अल्पवयीन खेळाडूंच्या चाचण्यांचा दहा वर्षांचा आढावा 2024 च्या आरंभी प्रसिद्ध केला. दोषी नमुन्यांच्या बाबतीत रशियाखालोखाल क्रमांक भारताचा होता, आणि मुलांमध्ये वारंवार सापडलेल्या द्रव्यांत फ्युरोसेमाइड होते. शाळकरी मुलांना कोण तपासतो, असे म्हणणाऱ्या क्रीडाशिक्षकांनी हे ध्यानात घ्यावे.

खोकल्याच्या औषधाकडे परत वळू. टर्ब्युटालिन किंवा साल्ब्युटामॉल श्वासनलिकांच्या भिंतींतील स्नायू सैल करते, म्हणून दम लागलेल्याला मोकळे वाटते. हीच द्रव्ये रक्तातून मोठ्या मात्रेत हातापायांच्या स्नायूंना पोचली, तर स्नायूंची वाढ करू शकतात. त्यांच्याच कुळातले क्लेनब्युटेरॉल यासाठी कुप्रसिद्ध आहे. साल्ब्युटामॉल तोंडातल्या पंपाने ओढले, तर औषध थेट फुप्फुसांत जाते आणि रक्तात थोडेच उतरते. म्हणून 24 तासांत 1600 मायक्रोग्रॅमपर्यंत, आणि कोणत्याही आठ तासांत 600 च्या आत, पंप चालतो. त्याच साल्ब्युटामॉलची गोळी किंवा पातळ औषध चालत नाही. टर्ब्युटालिनला मात्र पंपानेही पूर्वपरवानगी लागते. औषधाचे नाव एक, पण वाट बदलली की नियम बदलतो!

सलाईनची गोष्ट तर आपल्या खेड्यापाड्यांत फारच नेहमीची. अशक्तपणा आला, ताप उतरला, लांबचा प्रवास झाला, की 'एक सलाईन लावा' असे घरचीच माणसे डॉक्टरांना सांगतात. बाटली असते 500 मिलिलिटरची. खेळाडूला मात्र 12 तासांत 100 मिलिलिटरहून अधिक द्रव शिरेवाटे देता येत नाही, मग त्यात निव्वळ मीठपाणी का असेना. रुग्णालयातील उपचार, शस्त्रक्रिया किंवा रोगनिदान यांचा भाग असेल तरच ते चालते. ॲलर्जीवर सर्रास दिली जाणारी बीटामेथासोनची गोळी किंवा इंजेक्शनही स्पर्धाकाळात निषिद्ध आहे. आणि आयुर्वेदिक म्हणजे निर्धोक, हा समजही सोडून द्यावा. कुचला, म्हणजे कोकणातला काजरा, यात स्ट्रिक्निन असते आणि स्ट्रिक्निन यादीत आहे. व्यायामशाळेत मिळणाऱ्या पावडरींच्या डब्यांविषयी तर बोलायलाच नको. डब्यावर लिहिले आहे तेवढेच डब्यात असते, याची हमी कोण देणार?

उगीच भीतीही नको. पॅरासिटामॉल, आयबुप्रोफेन, सेट्रिझिन, जुलाबावरचे मीठ-साखरेचे पाणी यांपैकी काहीही निषिद्ध नाही. चहाकॉफीतील कॅफीनही 2004 पासून यादीत नाही.

मग अडते कोठे? औषधाच्या दुकानात जाऊन पाहा. गिऱ्हाईक म्हणते, 'सर्दीच्या चार गोळ्या द्या.' दुकानदार दहा गोळ्यांची पट्टी काढतो, कात्रीने चार गोळ्या कापतो आणि कागदाच्या पुडीत घालून देतो. औषधाचे नाव बहुधा पट्टीच्या उरलेल्या भागावरच राहते. घरी आलेल्या तुकड्यावर असते अर्धे अक्षर किंवा नुसती किंमत. राष्ट्रीय संस्थेने, म्हणजे 'नाडा'ने, औषध चालते की नाही हे पाहण्यासाठी मोबाइलवर सोय केली आहे. सोय चांगली आहे, पण तिला आधी नाव सांगावे लागते. सुरगाण्याच्या मुलीने त्या चार गोळ्यांचे नाव कोठून आणायचे? पट्टी पुरी मिळाली, तरी ठळक असते ते कंपनीने ठेवलेले नाव. औषधद्रव्याचे मूळ नाव त्याखाली, बारीक इंग्रजी अक्षरांत.

म्हणून माझे म्हणणे असे, की हे काम एकट्या क्रीडाशिक्षकाचे नाही, ते विज्ञानशिक्षकाचेही आहे. नववी-दहावीत संयुगांची नावे पाठ होतात. त्यांतला एक तास घरातल्या औषधांच्या पट्ट्या वाचण्याला द्यावा. फ्युरोसेमाइड हे नाव मुलाला तेथे भेटले, तर ते नुसते पाठांतर राहणार नाही. शिवाय महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ नाशिकमध्येच आहे. दर जानेवारीत नव्या यादीतील नेहमीच्या औषधांचा एक तक्ता, मूळ नावे देवनागरीत घालून, जिल्ह्यातल्या शाळांना आणि औषधविक्रेत्यांना पाठवणे त्याला अशक्य नाही. औषधविक्रेत्यांच्या संघटनेनेही खेळाडूला पट्टी नावासकट देण्याचे ठरवावे. तोवर दुकानात आणि दवाखान्यात 'मी खेळाडू आहे' हे पहिले वाक्य असावे, आणि घेतलेल्या प्रत्येक औषधाचे नाव, तारीख व मात्रा वहीत लिहून बिल जपून ठेवावे. सोळा वर्षांखालील खेळाडूला नियमांत काहीशी सवलत आहे, त्याला नुसती ताकीदही मिळू शकते. परंतु औषध कोणते, कशासाठी व कोणी दिले, हे त्यालाही सांगता आलेले बरे.

एक गोष्ट मात्र कोणी करू नये. यादीच्या भीतीने दमेकरी मुलाचा पंप किंवा मधुमेही मुलाचे इन्शुलिन बंद करू नये. इन्शुलिन निषिद्ध यादीत आहे हे खरे. पण ज्याला ते जगण्यासाठी लागते त्याला वापराची परवानगी मिळते. त्यासाठी डॉक्टरांची कागदपत्रे जोडून अर्ज करावा लागतो, आणि तो स्पर्धेच्या निदान तीस दिवस आधी गेलेला बरा.