टायरची निवड : किंमत की पकड?

दसऱ्याच्या दिवशी बोरिवलीपासून मुलुंडपर्यंत सोसायट्यांच्या आवारात गाड्या न्हाऊन निघतात. झेंडूची माळ चढते, कुंकवाचे स्वस्तिक उमटते, नव्या गाडीच्या चाकाखाली लिंबूही ठेवले जाते. मात्र त्या चाकाच्या टायरवर खाचा किती उरल्या आहेत, हे वाकून पाहणारा गृहस्थ विरळाच. टायर बदलण्याची वेळ आली की चर्चा होते ती किमतीची आणि कोणत्या कंपनीवर किती सूट आहे याची.

पूर्वी हे खपून जात असे. लालबहादूर शास्त्री मार्गावर किंवा पश्चिम द्रुतगती महामार्गावर वाहतूक कोंडीत सरपटणाऱ्या गाडीला टायरची परीक्षा द्यावीच लागत नव्हती. परंतु ५ जून २०२५ रोजी समृद्धी महामार्गाचा अखेरचा टप्पा खुला झाला आणि भिवंडीजवळच्या आमणेपासून नागपूरपर्यंतचा ७०१ किलोमीटरचा मार्ग पूर्ण झाला. आठवडाभर अंधेरी-घाटकोपरात रांगणारी सेडान सुटीत चार माणसे आणि भरलेली डिकी घेऊन विदर्भाच्या उन्हात, काँक्रीटवर, ताशी १२० किलोमीटरने धावू लागली. आणि तीही त्याच जुन्या टायरांवर! महामार्गाच्या आधी खुल्या झालेल्या टप्प्यांवरही टायर फुटून अपघात होऊ लागले होते आणि २०२३ मध्येच परिवहन विभागाला टायर तपासणीची मोहीम हाती घ्यावी लागली होती.

दोष काँक्रीटला देणे सोपे आहे. वास्तविक सेडानच्या टायरवर बहुधा टी किंवा एच हे अक्षर असते. त्याचा अर्थ अनुक्रमे १९० आणि २१० किलोमीटर वेगाची क्षमता. म्हणजे वेग टायरच्या आवाक्याबाहेरचा नाही. घात करते ती कमी हवा. हवा कमी असली की टायरची बाजू प्रत्येक फेऱ्यात दबते, तापते आणि आतील थर सुटू लागतात. त्यात जास्तीचे ओझे आणि टायरचे वय यांची भर पडते. चालकाच्या दाराजवळच्या पट्टीवर लिहिलेला दाब टायर थंड असताना भरणे, हा यावरचा बिनखर्चाचा उपाय. नायट्रोजनचे कौतुक पुष्कळ झाले, पण साध्या हवेतही ७८ टक्के नायट्रोजनच असतो!

दुकानदार हल्ली ‘ऑल सीझन’ हा शब्द मोठ्या अभिमानाने उच्चारतात. हा शब्द बर्फाच्या देशांतला. तापमान ७ अंशांखाली गेले की साधे रबर कडक होते, म्हणून तेथे वेगळे मिश्रण वापरतात आणि त्यासाठी उन्हाळ्यातील पकडीत थोडी तडजोड स्वीकारतात. मुंबईकराने ही तडजोड कशासाठी विकत घ्यावी? येथील ऋतू तीनच : ऊन, पाऊस आणि खड्डे! २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला होता. तसा दिवस वारंवार येत नाही. पण अंधेरीच्या सब-वेत पाणी साचायला त्याची गरजही लागत नाही. तेव्हा पहिला निकष हवा ओल्या रस्त्यावरील पकडीचा. रुंद, खोल उभ्या खाचा पाणी बाहेर फेकतात. कायद्याने १.६ मिलिमीटर खोली पुरेशी मानली असली, तरी पावसाळ्यापूर्वी ती ३ मिलिमीटरच्या खाली आली असेल तर टायर बदलावा, हे शहाणपणाचे. ओल्या रस्त्यावरील पकड, घर्षणरोध आणि आवाज यांचे किमान निकष सरकारने आता टायरांना बंधनकारक केले आहेत. मात्र किमान निकष आणि उत्तम निवड यांत अंतर असते. केवळ इंधनबचतीवर भुलून पकड गमावणारा सौदा करू नये.

खड्ड्यांचे म्हणाल तर देखणेपणाचा मोह आवरावा. १८५/६५ आर १५ या मापात टायरच्या बाजूची उंची सुमारे १२० मिलिमीटर असते. तीच खड्ड्याचा दणका सोसते. मोठी अलॉय व्हील बसवून ही उंची घटवली, की पेव्हर ब्लॉकच्या पहिल्याच खळग्यात टायरला फुगा येतो.

राहिला प्रश्न कंपनीचा. विदेशी नाव म्हणजे दर्जा, हा न्यूनगंड आता सोडायला हवा. १९४६ साली मद्रासमध्ये खेळण्यातील फुगे बनवणारी एमआरएफ, इटलीच्या तुरीन शहरात जन्मून भांडुपमध्ये रुजलेली आणि १९८२ पासून भारतीय उद्योगसमूहाच्या हाती असलेली सीएट, २००९ मध्ये नेदरलँड्सची व्रेडेस्टाइन विकत घेणारी अपोलो : हा प्रवास अभिमानास्पद आहे. तरीही केवळ स्वदेशी म्हणून डोळे झाकून घेणे हा ग्राहकाचा आळस झाला. टायरच्या बाजूवरील चार आकडे वाचावेत. २३२५ म्हणजे २०२५ च्या तेविसाव्या आठवड्यातील माल. दुकानात दोन-तीन वर्षे पडलेला टायर ‘सवलतीत’ मिळत असेल, तर तो नम्रपणे परत करावा.

चारही टायर एकदम घेणे परवडत नसेल, तर नवी जोडी मागे बसवावी. आपल्याकडचे बहुतेक मेस्त्री ती पुढे बसवतात. ओल्या रस्त्यावर पुढची चाके घसरली तर वेग कमी करून गाडी बहुधा सावरते. मागची सुटली तर ती गरकन फिरते. मागच्या आसनावर आजी-आजोबा आणि मुले असतात. मेस्त्रीने वाद घातला, तरी एवढे मात्र त्याच्याकडून करून घ्यावे. स्टेपनीतही त्याच वेळी हवा भरून घ्यावी.