मेनूकार्डातले मुसलमान

गेल्या ईदनंतरची गोष्ट. मुलीच्या हट्टापायी पुण्यातल्या एका साध्याशा हॉटेलात जेवायला गेलो. बोर्डावर ‘थाई अँड इंडियन’. शेजारच्या टेबलाशी वेटर झकास मराठीत बोलत होता. आमच्यापाशी आला, माझी दाढी आणि सौ.च्या डोक्यावरची ओढणी पाहिली आणि हिंदीवर उतरला. मी मराठीत विचारत राहिलो, तो हिंदीत उत्तरे देत राहिला. न मागताच त्याने मेनूकार्डाचे एक पान उघडून पुढे केले. वर लिहिले होते ‘मुघलाई’.

त्या पोराचा राग आला नाही. राग आला त्या पानाचा. पहिलाच पदार्थ बटर चिकन. फाळणीनंतर पेशावरहून दिल्लीत आलेल्या पंजाबी हिंदू निर्वासितांच्या हॉटेलात हा पदार्थ जन्मला. त्याचा ना मुघलांशी संबंध, ना माझ्या घराशी. माझी आई चिपळूणकडची. तिच्या दस्तरखानावर सांदणे, तांदळाची भाकरी आणि नारळाच्या दुधातले कालवण. बायको सोलापूरची. तिच्याकडे ज्वारीची भाकरी आणि मोहरमचे चोंगे. यातले एकही त्या पानावर नव्हते. ‘महाराष्ट्रीयन’ नावाचे वेगळे पान होते. तिथेही नव्हते. म्हणजे मुसलमानांच्या पानावर आम्ही मराठी म्हणून नाही आणि मराठी पानावर मुसलमान म्हणून नाही!

आणि मुघल आमचे कोण? १५९५-९६ साली अहमदनगरच्या किल्ल्यातून मुघल फौज थोपवणारी चांदबीबी या मातीतली. निजामशाही वाचवण्यासाठी मुघलांशी झुंजत राहिलेला आणि १६२६ साली इथेच मातीआड झालेला मलिक अंबर या मातीतला. दख्खनच्या मुसलमानाने मुघलांशी दोन हात केले आणि त्याच्याच जेवणावर आज मुघलांचे नाव डकवले जाते. इतिहासाची यापेक्षा मोठी थट्टा कोणती?

मुलगी मात्र थाई पान वाचत होती. म्हणाली, “अब्बा, हे मस्समन काय?” तेच मागवले. नारळाचे दूध, बटाटा, शेंगदाणे. वर दालचिनी, वेलची, लवंग. पहिल्या घासालाच ती म्हणाली, “दादीच्या कालवणासारखे लागते.” मस्समन हा शब्द मुसलमान या शब्दाचेच जुने थाई रूप, असे जाणकार मानतात. थायलंड बहुसंख्य बौद्धांचा देश. तिथल्या मुसलमानांच्या अडचणी मला ठाऊक आहेत, त्या देशाचे गोडवे गाण्याचा माझा इरादा नाही. पण थाई सरकारने २००२ सालापासून आपले जेवण जगभर पोहोचवण्याची मोहीम चालवली, आणि आज परदेशांतल्या थाई हॉटेलांत मस्समन थाई पदार्थ म्हणूनच मिळते. नाव मुसलमानांचे, ओळख थाई. दोन्ही एका वाटीत नांदतात. मग आमचे सांदण एकाच वेळी मुसलमानी आणि मराठी का असू शकत नाही?

मित्रहो, दोष केवळ इतरांचा नाही. आपली माणसे कोंढव्यात, कुर्ल्यात, मुंब्र्यात हॉटेल काढतात तेव्हा बोर्डावर काय रंगवतात? ‘शाही’, ‘नवाबी’, ‘दरबार’. मालक रत्नागिरीचा, घरात कोकणी बोलणारा, आणि गल्ल्यावर बसला की लखनवी होतो! आपणही तिथे फक्त एवढेच विचारतो की हलाल आहे ना? ते विचारलेच पाहिजे. पण ‘आपले काय आहे?’ हे कोण विचारणार?

कुणी म्हणेल, घरचे घरी मिळते, पैसे मोजून बाहेर कशाला खायचे? मग मालवणी माणसाने काय केले ते पाहा. त्यानेही घरचेच कोंबडी-वडे आणि सोलकढी विकायला ठेवली. आज मुंबईत मालवणी जेवण म्हटले की कुणाला समजावून सांगावे लागत नाही. त्याचा नारळ आणि आमचा नारळ एकाच किनाऱ्यावरचा. त्याने बोर्ड लावला, आपण लाजलो.

१९९० साली सोलापुरात पहिले मुस्लिम मराठी साहित्य संमेलन भरले, तेव्हा आपण छातीठोकपणे म्हणालो की मराठी ही आमची भाषा आहे. लेखणीने जे सांगितले ते आपला तवा कधी सांगणार? आजही अनेक मराठी शेजाऱ्यांना आपल्या घरचा शिरखुर्मा आणि बिर्याणी यापलीकडे काही ठाऊक नाही. जेवणातून माणूस ओळखीचा होतो. आपले ताट दिसलेच नाही तर आपण बाहेरून आलेले, ही अफवा खोटी पाडायची कशी?

तेव्हा हॉटेलवाल्या भावांनो, ‘दरबार’ खुशाल ठेवा, बिर्याणीही ठेवा. पण मेनूकार्डात एक पान आपल्या आयाबहिणींच्या नावे करा. त्यावर मराठीत लिहा : सांदण, चोंगे, भाकरी. गिऱ्हाइकाने विचारले तर मराठीत सांगा. आणि आपण गिऱ्हाइकांनी पुढच्या वेळी ‘मुघलाई’चे पान समोर आले तर ते मिटून, मराठीतच विचारावे, “आमचे पान कुठे आहे?”