पाडव्याची टोपी

गुढीपाडवा जवळ आला की उलव्याच्या नव्या वसाहतीत साखरेच्या गाठी व कडुलिंब यांची खरेदी सुरू होते. मग उरते यजमानाच्या मस्तकाची चिंता! पूजेस बसताना मस्तक झाकावे, ही पुष्कळ घराण्यांची रीत आहे. त्यासाठी समोर दिसेल तो तयार फेटा उचलून मोकळे होणे सोपे. परंतु आमच्या मते हा व्यवहार फसवा आहे.

फेटा बांधायचा असतो, पगडी घालायची असते. हा भेदच विसरला जात आहे. फेट्याचे कापड बांधणाऱ्याच्या हातून ज्याच्या त्याच्या मस्तकाशी जुळते. पगडी मात्र पगडबंदाने आधीच बांधून ठेवलेली. पुणेरी पगडीला २००९ मध्ये भौगोलिक उपदर्शनाचे संरक्षण लाभले. म्हणून ती कोणाच्याही डोक्यास बसते, असे नव्हे. पांढऱ्या घडीच्या टोपीचेही तेच. बोटभर सैल टोपी, गुढी उभारताना दृष्टी कलशाकडे गेली की मागे घसरते. घट्ट असली तर आरती संपेपर्यंत कपाळावर वळ!

यास्तव वडीलधाऱ्यांना सोबत घेऊनच दुकानी जावे. पनवेलची जुनी बाजारपेठ जवळ आहे; जानेवारी २०२४ मध्ये अटल सेतू खुला झाल्यापासून शिवडीमार्गे दादरही दूर राहिलेले नाही. टोपी घालून एकदा वाकावे, एकदा वर पाहावे, आरसा त्यानंतर. मुलांच्या टोपीत कृपणता नको, त्यांचे मस्तक वाढते आहे. आणि या खाडीकाठच्या कोळी घरांनी आपली लाल टोपी सोडून तयार फेट्यामागे का लागावे, हे आम्हांस उमगत नाही.