नावापुढचा आकडा

गेल्या रविवारी भाचा वही घेऊन आला. ताईच्या भिशीचे बारा हजार रुपये त्याला हवे होते. कशासाठी? तर डोमेन, म्हणजे इंटरनेटवरील संकेतस्थळांची नावे, आज नोंदवून उद्या चढ्या भावाने विकण्यासाठी! साधी-सोपी नावे केव्हाच गेलेली. म्हणून त्याने प्रत्येक नावापुढे आकडा जोडला होता. पुणेक्लास७, नाशिकघर९, अशी बारा नावे. "मामा, सात आणि नऊ माझे शुभांक आहेत."

वाचकहो, शुभांक याचा आणि पैसे मोजणार दुसरा!

चीनमध्ये आकड्यांची नावे मोठ्या किमतीला जातात हे खरे. २०१५ साली तिथल्या छीहू ३६० या कंपनीने ३६० डॉट कॉम हे नाव सुमारे १ कोटी ७० लाख डॉलरला घेतल्याच्या बातम्या होत्या. पण कंपनी आधीपासूनच '३६०' म्हणून ओळखली जात होती. चिनी भाषेत ५१ चा उच्चार 'मला हवे' यासारखा होतो, म्हणून नोकऱ्यांच्या संकेतस्थळाने तो घेतला. चारचा उच्चार मृत्यूच्या शब्दाजवळ जातो, त्याला गिऱ्हाईक कमी. म्हणजे आकडा घेणाऱ्याच्या कानात आधीच बसलेला असावा लागतो.

आपल्याकडे असे आकडे थोडेच. २४ म्हटले की चोवीस तास, ३६५ म्हटले की वर्षभर. १०१ चे पाहा. अमेरिकेत तो पहिल्या पाठाचा आकडा, आपल्याकडे आहेराचा आणि अग्निशमन दलाचाही. फसवणुकीचे कलम १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेत ३१८ झाले, तरी लोकांच्या तोंडी चारसोवीसच. सालाचा आकडा तर घेऊच नये, वर्ष सरले की नाव शिळे.

शिवाय नाव फोनवर सांगावे लागते. 'एकोणऐंशी' म्हटले की समोरचा विचारतो, सात-नऊ की आठ-नऊ? आमच्या ताईने तर 'चोवीस' ऐकून अक्षरी लिहू की आकड्यात, असे विचारले. प्रश्न अगदी बरोबर होता.

वहीत एका नामांकित बँकेच्या नावापुढेही २४ होते. ते मी आधी खोडले. दुसऱ्याच्या व्यापारी नावाला आकडा चिकटवला म्हणून सुटका होत नाही. १९९९ पासून अशा तक्रारींसाठी आंतरराष्ट्रीय नियम आहेत, डॉट इनसाठी वेगळे आहेत. निकाल विरुद्ध गेला की नाव मूळ मालकाकडे जाते आणि आपली फी बुडते.

फी तरी एकदाच कुठे? दरवर्षी भरायची, नाव विकले जावो वा न जावो. पुढच्या वर्षीच्या बारा हजारांचा हिशेब त्याच्या वहीत नव्हताच.

संध्याकाळपर्यंत दोन नावे उरली. दोन्हींत २४ आहे. ताईने दोन हजार काढून दिले, बाकीची भिशी पुन्हा ट्रंकेत गेली. नाशिकघर९ साठी मात्र भाचा अजून अडून बसला आहे.