उजनीत पाणी किती ते कळते, कसे तेही कळवा

प्रति,
जलसंपदा विभाग आणि महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाचे मा. अधिकारी यांस,


उजनी आज किती टक्के, मायनसमधून प्लसमध्ये कधी येणार, दौंडचा विसर्ग किती, हे सोलापूर जिल्ह्यात शाळकरी पोरही सांगते. सुमारे ११७ टीएमसीचे हे धरण. त्यातला ६३ टीएमसीहून अधिक तर मृतसाठाच; मायनस म्हणतात ते हेच पाणी. आकडे रोजच्या पत्रकात मिळतात. ते पाणी कसे आहे, हे मात्र त्या पत्रकात नसते. पुणे आणि पिंपरी-चिंचवडचे सांडपाणी मुळा-मुठा, पवना, इंद्रायणीवाटे भीमेत आणि तिथून उजनीत उतरते. त्यातल्या नत्र-स्फुरदावर शेवाळ पोसते, पाणी हिरवे पडते. सोलापूर तेच पाणी शुद्ध करून पिते.

हा हिरवेपणा आकाशातून मोजता येतो. युरोपचे सेंटिनेल-२ उपग्रह साधारण दर पाच दिवसांनी उजनीवरून जातात, दहा ते वीस मीटरपर्यंतचा तपशील टिपतात. शेवाळातले हरितद्रव्य तांबडा प्रकाश शोषते. त्याच्या लगतच्या, थोड्या लांब लहरींच्या पट्ट्यात मात्र शेवाळलेले पाणी उजळ दिसते. या दोहोंतल्या फरकावरून शेवाळाचा अंदाज बांधता येतो. गढूळपणाही कळतो. जलपर्णी तर लपतच नाही.

उपग्रहाला जंतू, नायट्रेट, जड धातू दिसत नाहीत आणि पावसाळ्यात ढग आडवे येतात, हे मान्य. म्हणून प्रयोगशाळेला रजा द्या असे कोण म्हणतो? बाटलीत भरलेला नमुना एका जागेचा असतो. भिगवणच्या फुगवट्यापासून धरणाच्या भिंतीपर्यंत नमुन्यासाठी नाव नेमकी कुठे न्यायची, हे उपग्रहाचे चित्र सांगेल. उपग्रह डोक्यावर असेल त्याच दिवशी नमुने घेतले, तर उजनीपुरते गणितही बसवता येईल. परदेशी तळ्याचे उसने सूत्र इथे चालणार नाही.

जाणकार शोधायला लांब जायला नको. नाशिकच्या ‘मेरी’ या राज्याच्या अभियांत्रिकी संशोधन संस्थेत उपग्रहचित्रांवरून धरणांतला गाळ मोजला जातो आणि नागपुरात राज्याचे स्वतःचे सुदूर संवेदन केंद्र आहे. दोन खात्यांनी एका टेबलावर बसायचे, एवढेच उरते. (तेच अवघड, हे आम्हीही जाणतो.)

तेव्हा विनंती अशी, की येत्या उन्हाळ्यापासून टक्केवारीच्या पत्रकासोबत उजनीचा शेवाळाचा नकाशा मराठीत प्रसिद्ध करावा आणि नमुन्यांचे निकाल त्याच्या शेजारी छापावेत. निधीचे कारण तेवढे देऊ नये; ही चित्रे फुकट मिळतात.

आपला,
एक पाणीपट्टी भरणारा सोलापूरकर