रुग्णालयातील विजेचा भार कोणाच्या दप्तरी?

९ जानेवारी २०२१ रोजी मध्यरात्र उलटून गेल्यावर भंडाऱ्याच्या जिल्हा सामान्य रुग्णालयात नवजात अर्भकांच्या कक्षाला जी आग लागली तिने १० अर्भकांचे प्राण घेतले. आणि तो शोक निवतो न निवतो तोच त्याच वर्षी एप्रिलात विरारच्या एका खासगी रुग्णालयात व नोव्हेंबरात तेव्हाच्या अहमदनगरच्या जिल्हा रुग्णालयात तसाच प्रसंग ओढवला. तिन्ही ठिकाणी अग्नी भडकला तो अतिदक्षता विभागात, म्हणजे जेथील रुग्णास स्वतःच्या पायांनी दाराबाहेर पडणे अशक्य अशाच जागी, हा केवळ योगायोग मानणे मला अपराधासमान वाटते.

अतिदक्षता विभागात वीज क्षणभरही विसावत नाही. श्वसनयंत्रे, सिरिंज पंप, अर्भकांना ऊब देणारे वॉर्मर आणि अहोरात्र चालणारे एसी यांचा एकत्रित भार, भिंतीतील तारा ज्या हिशेबाने घातल्या गेल्या त्याच्या पलीकडे गेला, म्हणजे सैल पडलेल्या एखाद्या जोडापाशी उष्णता साचते आणि तारेचे वेष्टन वितळू लागते. त्यातच स्प्लिट एसी खोलीतलीच हवा फिरवीत राहतो, खिडक्या बंद असतात, आणि मुखवट्यांतून निसटणाऱ्या प्राणवायूने हवेतील त्याचे २१ टक्क्यांचे स्वाभाविक प्रमाण दोन-चार टक्क्यांनी जरी वाढविले, तरी एरवी धुमसत राहिली असती अशी चादर पाहता पाहता पेट घेते.

हे शास्त्र कोणास ठाऊक नाही असे नव्हे. परंतु शासकीय रुग्णालयात तारा सार्वजनिक बांधकाम विभागाच्या विद्युत शाखेच्या, यंत्रे आरोग्य खात्याच्या खरेदीतली अथवा एखाद्या दात्याच्या देणगीतली, आणि अग्निशमनाची साधने सुस्थितीत असल्याचा सहामाही दाखला राज्याच्या २००६ च्या आगप्रतिबंधक कायद्यान्वये परवानाधारक संस्थेचा, अशी जबाबदारीची वाटणी झाल्यामुळे, कालच्या दहा खाटांच्या जागी आज वीस खाटा व तितकीच यंत्रे आली तर त्या कक्षाचा भार पुन्हा मोजण्याचे काम नेमके कोणाचे, या प्रश्नाचे उत्तर कोणत्याच दप्तरात सापडत नाही. जिल्हा शल्यचिकित्सकाकडून ते अपेक्षावे, तर त्याचे शिक्षण शरीराचे आहे, तारांचे नव्हे.

सबब प्रत्येक जिल्हा रुग्णालयात एक विद्युत अभियंता कायमस्वरूपी नेमावा, कक्षवार भारनोंदवही त्याच्या स्वाधीन असावी, आणि त्याच्या सहीवाचून कोणतेही नवे यंत्र प्लगला लागू नये. निकडीच्या वेळी अशा अटीने उपचार खोळंबतील असा आक्षेप येईल. पण एका सर्किटवरचा भार मोजण्यास क्लॅम्प मीटर व काही मिनिटे पुरतात, आणि त्या मिनिटांची तजवीज पगारी माणूस हाताशी असेल तरच होते. येत्या अर्थसंकल्पात नव्या खाटांची घोषणा होईल तेव्हा या पदाची तरतूद त्याच परिच्छेदात आहे काय, हे आमदारांनी सभागृहात उभे राहून विचारावे.