टेप उतरवली, पाहिली कोणी?

‘सगळं कॅप्चर करून टाक, मग बघू.’ एडिट रूममधलं हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की आता त्याचा राग येतो. कारण तो ‘मग’ कधी उगवतच नाही.

मिनी डीव्हीच्या काळात लॉगिंगची सक्ती यंत्रच करायचं. ६० मिनिटांची टेप संगणकात उतरवायला ६० मिनिटंच लागत आणि तासाभराचं फूटेज सुमारे १३ जीबी जागा खाई. ४० तासांचं शूटिंग म्हणजे ५२० जीबी. आमची हार्ड डिस्क ८० जीबीची. मग डेकसमोर बसून टेप पाहायची. टेपचा क्रमांक, इन-आउटचा टाइमकोड, कोण काय बोलतंय, आवाज कसा आहे, हे वहीत लिहायचं आणि हवे तेवढेच तुकडे घ्यायचे. शूटिंगमध्ये मध्येच कोरी टेप सुटली, तर कॅमेरा टाइमकोड पुन्हा शून्यापासून सुरू करी. एकाच टेपवर एकाच क्रमांकाच्या दोन जागा! ही भानगडही लॉगिंग करणाऱ्यालाच आधी सापडायची.

हे काम कारकुनी समजून नव्या पोरावर ढकललं जाई. माझ्या मते लॉगिंग हेच पहिलं संकलन. काय टिपायचं होतं आणि काय टिपलं गेलं, यातलं अंतर तिथेच कळतं. ते टाळणारा दिग्दर्शक फूटेज नव्हे, स्वतःची आठवण कापत बसतो.

निवडक कॅप्चरनेही नुकसान केलं, हे कबूल. वहीत ‘खराब’ शेरा मिळालेलं बरंच काही कायमचं टेपमध्येच राहिलं. आज डिस्क स्वस्त आहे, तेव्हा सगळं उतरवावंच. पण उतरवणं म्हणजे पाहणं नव्हे.

अलीकडे एका संस्थेचं ‘डिजिटाइझ’ झालेलं फूटेज पाहिलं. फाइलींची नावं टेप ०१, टेप ०२. एकीत जात्यावर बसलेली म्हातारी ओव्या गातेय. गाव कोणतं, बाई कोण? डब्यांवर चिठ्ठ्या होत्या म्हणे. टेप उतरवल्यावर डब्या टाकून दिल्या. चित्र वाचलं, बाई हरवली.

यावर उत्तर मिळतं, ‘आता एआय लॉगिंग करेल.’ तो ओवीतले शब्द लिहून देईलही. पण त्या बाईचं नाव टेपवर उच्चारलेलंच नाही. ते ठाऊक आहे कॅमेरामनला, साउंडवाल्याला, त्या दिवशी चहा देणाऱ्या सुनेला. आणि ती माणसंही टेपांसारखीच जुनी होताहेत.

२०१९मध्ये युनेस्कोच्या एका प्रकल्पाने बजावलं होतं, की चालू यंत्रं आणि सुटे भाग संपत आल्याने २०२५च्या सुमारास टेप उतरवणं अवघड होऊन बसेल. त्या धास्तीने सगळे डेक शोधत सुटले. माझं मागणं साधं आहे: डेकच्या भाड्याइतकेच पैसे टेप पाहून लिहिणाऱ्यासाठी ठेवा. आणि तोवर डब्या फेकू नका.